कालनिर्णयावरच्या रात्री

पुण्यात आई कालनिर्णयावर दुधाचा हिशेब लिहायची. इथे मेलबर्नला मी लेकीच्या रात्रींचा लिहिते. निळी खूण म्हणजे तिच्या बाबांकडे, कोरा चौकोन म्हणजे माझ्याकडे.

ऑस्ट्रेलियात चाइल्ड सपोर्टसाठी, म्हणजे वेगळ्या झालेल्या आईबापांपैकी एकाने दुसऱ्याला मुलाच्या खर्चापोटी द्यायच्या रकमेसाठी, मूल कोणाकडे किती टक्के, हे बहुतेक वेळा रात्री मोजूनच ठरतं. दर मंगळवारी बाबा तिला शाळेतून नेतात, पोहायला नेतात, जेवू घालतात आणि नऊला आणून सोडतात. ती रात्र माझी. त्यांना हे पटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही.

गेल्या वर्षी त्यांनी चाइल्ड सपोर्टच्या ऑफिसला बदल कळवला. तिथून मला फोनवर विचारलं, मुलगी वडिलांकडे किती असते? मी म्हटलं, पंधरवड्याला पाच रात्री. खोटं नव्हतं. पण डिसेंबर-जानेवारीत आम्ही मायलेकी सहा आठवडे पुण्याला असतो, हे सांगायचं सुचलंच नाही. पत्र आलं: वर्षाला 130 रात्री, त्यांचे 35 टक्के, माझे 65. चूक माझीच, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती.

हे 35 मोठं चमत्कारिक. चाइल्ड सपोर्टमध्ये 14 ते 34 टक्क्यांना खर्चातला वाटा 24 टक्के धरतात, 35 ला 25. एका टक्क्यासाठी कोण भांडेल? पण हेच 35 फॅमिली टॅक्स बेनिफिटला, म्हणजे मुलांच्या खर्चासाठी सरकार देतं त्या मदतीलाही लागतात. तिकडे 35 च्या आत त्यांना वाटा नाही. 35 झाले की माझी रक्कम पाऊणपट होते. खरी झळ तिथे.

28 दिवसांच्या आत हरकत घेतली. दोन वर्षांची विमानाची तिकिटं आणि कालनिर्णयाच्या पानांचे फोटो पाठवले. तारखांखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, असं फोनवरच्या बाईंनी विचारलं. म्हटलं, संकष्टी आहे ती, हिशेबात नाही.

सहा आठवडे वजा जाता 23 पंधरवडे उरले, म्हणजे 115 रात्री. बाबांनी जुलैच्या सुट्टीतल्या सहा जास्तीच्या रात्री पुढे केल्या. मी ठामपणे नाही म्हणणार होते. पान उलटलं, तर माझ्याच हातच्या सहा निळ्या खुणा. मुकाट्याने मान्य केलं. 121 रात्री म्हणजे 33 टक्के आणि वर थोडं. टक्के पन्नासच्या आत असले तर अपूर्णांक सोडून देतात, पन्नासच्या वर असले तर पुढचा पूर्ण आकडा धरतात. त्यांचे 33, माझे 67. अपिलासाठी ट्रायब्युनलकडे जायची वाट त्यांना मोकळी होती, गेले नाहीत.

यंदा मला रजा कमी, पुणं चारच आठवडे. 24 पंधरवड्यांच्या 120 आणि जुलैच्या सहा धरून 126. 35 टक्क्यांना 128 लागतात.

परवा बाबांचा मेसेज आला: ईस्टरला तिला दोन रात्री जास्त ठेवू का? लेकीने बॅग भरायलाही घेतली आहे.