मेसरश्मिट जी-2, भाग 6: ठिपके अखेर जमले

आधी आनंदाची बातमी. दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल मी करतोय, त्याची डावी बाजू रंगवून झाली. आरएलएम 74 आणि 75 (जर्मन विमानांच्या राखाडी रंगांचे क्रमांक) चे ठिपके, कडा विरघळलेल्या, एकही शिंतोडा नाही. काल रात्री पावणेबाराला एअरब्रश, म्हणजे हवेनं रंग फवारणारं छोटं पिस्तूल, खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसता बघत बसलो. बायको पाणी प्यायला उठली होती. "झालं का विमान मळवून?" म्हणाली. म्हटलं, झालं.

मागचे भाग वाचलेल्यांना माहीत आहे की जूनपासून हे विमान मी तीनदा रंगवलं आणि तीनदा धुतलं. भाग 5 मध्ये तर मी जाहीरच करून टाकलं होतं की आता हे खोक्यात जाणार आणि दिवाळीनंतर निघणार. ते शब्द मागे घेतो.

नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडक्यात. एडुआर्ड कंपनीचं 1/48 किट (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसावा भाग), बीएफ 109 जी-2, म्हणजे हेच मेसरश्मिट, आणि करायचंय ते 15./जेजी 52 चं विमान, म्हणजे पूर्व आघाडीवर लढलेल्या क्रोएशियन वैमानिकांच्या तुकडीचं. खाली 76 (फिकट निळसर), वर 74-75 चे पट्टे, आणि कुशीवर तो कुप्रसिद्ध ठिपक्यांचा खेळ. खऱ्या विमानावर वीतभर, 20-25 सेंटिमीटरचा ठिपका असेल तर आपल्याकडे तो 5 मिलिमीटरचा होतो. पाच मिलिमीटरचा, पण धूसर. कडा कापल्यासारखी दिसली की विमान गेलं आणि चित्ता आला.

माझा प्रश्न मात्र कडांचा नव्हताच. प्रश्न होता पाण्याचा.

प्रत्येक वेळी तेच. पहिले पंधरा-वीस ठिपके लोण्यासारखे. मग एअरब्रश एकदा खोकतो, आणि ओल्या रंगावर पाण्याचा एक थेंब येऊन आदळतो. थेंब रंगाला बाहेर ढकलतो, मध्ये खालचा 76 उघडा पडतो आणि भोवती काळपट कडं उरतं. माशाच्या डोळ्यासारखं. तिसऱ्या वेळी तो डोळा बरोब्बर कॉकपिटखाली, जिथे तुकडीचं चिन्ह यायचंय तिथेच उमटला. पुसायला गेलो तर प्रायमरसकट निघालं. मग काय, आयसोप्रोपिल अल्कोहोलची अंघोळ, टूथब्रश, आणि रिव्हेटच्या दोन ओळी पुसट झाल्या त्या वेगळ्याच.

या दीड महिन्यात मी कोणाकोणाला दोष दिला ते ऐका. आधी अॅक्रिलिकला. पाण्यावर आधारलेले रंग नीडलच्या टोकाला सुकतात हे खरंच आहे, त्यामुळे मिस्टर कलरच्या लॅकर रंगांवर आलो: 36, 37 आणि 117 (त्यांच्याकडचे 74, 75 आणि 76), सोबत त्यांचा लेव्हलिंग थिनर. याचा पश्चात्ताप नाही. बारीक कामाला लॅकरसारखं दुसरं काही नाही हे माझं मत आता पक्कं झालंय. वासाचं म्हणाल तर काडतूसवाला (फिल्टरचा) मास्क लावा आणि खिडकीला एक्झॉस्ट बसवा, तांदळाच्या पोत्याला पुरेल एवढी जागा लागते. पण थेंब? थेंब येतच राहिला. मग नॉझलवर संशय. 0.3 मिलिमीटरचा काढून 0.2 चा आणला. एका ऑनलाइन दुकानानं 'ओरिजिनल' म्हणून पाठवलेली नीडल टोकाला वाकलेली निघाली. परत पाठवायला तीन आठवडे, पैसे मिळायला अजून दोन. त्यांचं नाव घेत नाही, पण नीडल आली की आधी भिंगाखाली धरा, मगच पाकीट फाडा.

पाण्याची वाटी, म्हणजे मॉइश्चर ट्रॅप, माझ्याकडे होतीच. कॉम्प्रेसरच्याच अंगावर बसवलेली. ती जवळजवळ कोरडी असायची, म्हणून मी समजत होतो की हवा कोरडी आहे.

मागच्या रविवारी गणपती ठरवायला गेलो. आमचा नेहमीचा कारखाना, पत्र्याची शेड, बाहेर धो धो पाऊस. काका एका मूर्तीच्या पितांबराला सावली देत होते: पिवळ्यावर केशरी, निऱ्यांच्या खोलगट भागात. हातात आपलाच एअरब्रश, फक्त कपाला रंगाचे सात थर चढलेले. मी तिथेच खिळलो. पाऊण तास झाला, बाहेर ढग फुटल्यासारखा पाऊस, आणि त्या पिस्तुलातून एक थेंब नाही.

"काका, पाणी येत नाही?"

"येतं ना. पावसाळ्यात हवासुद्धा घाम गाळते. पण तो तिकडे गाळते." त्यांनी मानेनंच भिंतीकडे दाखवलं.

कॉम्प्रेसर शेडच्या त्या टोकाला. तिथून लोखंडी पाइप भिंतीच्या कडेनं अख्खी शेड फिरून येतो, आणि वाटी इकडे, काकांच्या पाटाजवळ. खाली छोटा नळ. मुलानं तो उघडला तर अर्धी वाटी गढूळ पाणी.

"तुमची वाटी कुठंय?"

"कॉम्प्रेसरवर."

"मग ती शोभेची," काका म्हणाले आणि पुन्हा निऱ्यांकडे वळले. "गरम हवा पाणी सोडत नाही. आधी गार होऊ द्या."

स्कूटरवरून येताना डोक्यात गणित सुरू झालं. तीस अंशाला पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण 30 ग्रॅम वाफ मावते. आपल्याकडे जुलैत 85 टक्के दमटपणा धरा, म्हणजे 25-26 ग्रॅम. माझा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला 20 लिटर हवा ओढतो, तासाला 1.2 घनमीटर. म्हणजे तासाला 30 ग्रॅम पाणी मी त्याच्या नाकातून आत घेतोय. हवा चौपट दाबली आणि पुन्हा तीस अंशांवर आली की त्यातलं 20 ग्रॅमहून जास्त पाणी होऊन सुटणार. चहाचे चार चमचे! पण दाबताना हवा तापते, त्यामुळे कॉम्प्रेसरवरच्या वाटीतून ती वाफेसकट सुखरूप निघून जाते. पुढे रबरी नळीत गार होते आणि पाणी कुठे सोडते? माझ्या मेसरश्मिटवर.

कोपऱ्यावरच्या फ्रिजवाल्याकडून पाव इंची तांब्याची नळी घेतली, तीन मीटर. डब्याभोवती गुंडाळून वेटोळं केलं, बादलीत बुडवलं, बादलीत नळाचं पाणी आणि बर्फाचा एक ट्रे. कॉम्प्रेसर, मग वेटोळं, मग वाटी, मग नळी, मग एअरब्रश.

पहिली चाचणी प्लास्टिकच्या चमच्यावर. दहा मिनिटं झकास. अकराव्या मिनिटाला एअरब्रशमधून चूळ भरल्यासारखी पिचकारी. चमचा, हात, चष्मा, सगळं 74 रंगाचं. कारण? वेटोळ्याचं बाहेर येणारं तोंड मी वरच्या बाजूला ठेवलं होतं. पाणी तळाला साचत राहिलं आणि नळी भरल्यावर हवेनं ते एका दमात पुढे ढकललं, ते वाटीलाही झेपलं नाही. मग बादलीच्या बुडाशी भोक पाडून नळी खालून काढली, एम-सीलनं सांधा बुजवला, आणि वाटी बादलीच्याही खाली, स्टुलाच्या पायाशी बांधली. उतार सतत खाली. आता काल रात्री दीड तास काम केलं, वाटीत दोन बोटं पाणी आणि विमानावर शून्य. एक फायदा असा की गार झालेली हवा पुढच्या नळीत पुन्हा खोलीच्या तापमानाला येते, म्हणजे एअरब्रशपर्यंत पोचताना ती चांगलीच कोरडी असते. बर्फाशिवायही चालेल बहुतेक, आज बघतो.

ठिपक्यांचं प्रमाण विचारणाऱ्यांसाठी: एक भाग रंग, तीन भाग थिनर, दाब 12 पीएसआय, अंतर एक ते दीड सेंटिमीटर. आधी हवा, मग रंग, उलट नाही. ठिपका एका फटक्यात भरायचा नाही, तीन-चार फेऱ्यांत हळूहळू गडद करायचा, आणि मध्ये मध्ये खालच्या 76 चा पातळ फवारा मारून सगळं एकजीव करायचं. ही शेवटची युक्ती पितांबरावरून उचलली. काका केशरीवर पुन्हा पिवळा मारत होते.

आता थोडं विमानाबद्दल, कारण भाग 4 नंतर दोघा-तिघांनी विचारलं की इतकी 109 पडलेली असताना हीच का. माटो डुकोव्हाचमुळे. 40 ते 44 विजय, म्हणजे पाडलेली विमानं, त्याच्या नावावर धरतात, क्रोएशियन वैमानिकांत पहिला. दुसरा त्स्वितान गालिच, 38. ही मंडळी 1941 च्या शरदात पूर्व आघाडीवर गेली, आधी जुन्या ई मॉडेलवर, मग 1942 च्या उन्हाळ्यात जी-2 वर. पुढे कुबान आणि क्रिमिया. गणवेश लुफ्तवाफेचा, म्हणजे जर्मन हवाई दलाचा, विमानावर काळा क्रॉस जर्मनांचाच, क्रोएशियाचं म्हणून एवढंसं चिन्ह. गालिच हवेत मेलाच नाही. 6 एप्रिल 1944 ला बोस्नियातल्या बान्या लुकाजवळच्या झालुझानी तळावर मोरान-सॉल्निये हे फ्रेंच लढाऊ विमान घेऊन उतरला आणि जमिनीवर असतानाच दक्षिण आफ्रिकन स्पिटफायरनी मारला.

मला गुंतवलं ते मात्र पळून जाणाऱ्यांनी. मे 1943 मध्ये आल्बिन स्टार्ट्स आणि बोगदान वुयिचिच हे दोघं विमानासकट सोव्हिएत बाजूला उतरले, जूनमध्ये निकोला वुचिना. आणि सप्टेंबर 1944 मध्ये खुद्द डुकोव्हाच, जो तोवर या तुकडीचा कमांडर होऊन गेला होता! ज्यांची विमानं पाडली त्यांच्याकडेच. ज्या राजवटीसाठी ते लढले ती उस्ताशांची, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांची, हिटलरच्या खांद्यावर बसलेली, सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची यासेनोवाचसारख्या छावणीत कत्तल करणारी. त्यामुळे 'शूर वैमानिक' अशी पाटी मी या मॉडेलखाली लावणार नाही. नाव, तुकडी, साल, बस.

शेपटीवरच्या नाझी चिन्हाचा किस्सा राहिलाच. डेकल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चिन्ह) जुळवून बघत होतो, आईनं पाहिलं. "अरे वा, स्वस्तिक काढतोयस? मग पूर्ण झालं की हळदकुंकू वाहते." तिला समजावता समजावता मला घाम फुटला. शेवटी म्हणाली, "मग नको. आणि देवघराच्या बाजूला ठेवू नकोस ते." पुस्तकाच्या कपाटात जाणार.

चिन्हावरून आठवलं. क्रोएशियाच्या लाल-पांढऱ्या चौकटी डेकलच्या कोणत्याही सुट्या पानावरून उचलून लावू नका. आजच्या झेंड्यावर पहिला चौकोन लाल असतो, 1941 ते 45 च्या राज्याच्या चिन्हात तो पांढरा होता. तुकडीचं चिन्ह ही अजून वेगळी गोष्ट, ते जुन्या फोटोशी ताडूनच लावा. क्रोएशियन मिग-21 चं उरलेलं पान माझ्याकडे आहे आणि मोह झाला होता, कबूल करतो.

किरकोळ कामं भराभर: ब्रेकच्या नळ्या फ्यूज वायरच्या केल्या, छान दिसतात. बंदुकांवरचे फुगवटे नाहीत म्हणून कोणी चूक काढू नये, ते पुढच्या जी-6 मॉडेलला आले, 13 मिलिमीटरच्या एमजी 131 सोबत. जी-2 ला छोट्या एमजी 17, नाक सपाट. कॅनॉपीचं, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेचं, मास्किंग एका बैठकीत झालं.

आणि हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. पुढचं जी-6 ठरलं होतं, डुकोव्हाचच्याच 1944 च्या काळातलं. पण हा माणूस 1945 मध्ये युगोस्लाव्हियातूनही पळाला, इटलीत, आणि 1948 मध्ये सीरियाच्या हवाई दलात इस्रायलविरुद्धच्या युद्धात हार्वर्ड उडवत होता. हार्वर्ड! आपल्या हवाई दलातल्या कितीतरी पोरांनी ज्यावर विमान शिकलं तेच. तिथून कॅनडा, आणि 1990 मध्ये टोरांटोत शेवट. मग दुसरी 109 कशाला? एकाच पाटावर ही जी-2 आणि शेजारी सीरियन हार्वर्ड, एकच वैमानिक. 1/48 चं हार्वर्ड कोणाकडे पडून असेल तर सांगा, बदल्यात न उघडलेलं जी-6 देतो. सीरियन डेकलचा पत्ता असेल तर तोही हवाय.

उजवी बाजू आज रात्री. घाई करावी लागणार, कारण बाल्कनीत मखर यायचंय आणि बायकोनं शनिवारपर्यंतच मुदत दिलीय. बादलीही तिचीच आहे, भोक पाडलेलं अजून सांगितलेलं नाही.