पंचवीस हजारांतच झिजलेली डिस्क
कात्रजचा घाट उतरताना ब्रेकच्या पेडलला जाणवणारी थरथर मनात सलत होती, म्हणून आज गाडी गॅरेजमध्ये नेली. पुढचे डावे चाक उतरवले, तर ब्रेकच्या डिस्कच्या, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीच्या, कडेला नख अडकेल एवढी धार आलेली. डिस्कवर कोरलेली किमान जाडी २० मिलिमीटर आणि मोजल्यावर भरली १९.६, तीही अवघ्या २५ हजार किलोमीटरांत. उजवी मात्र ठणठणीत होती. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतली एक गंजून अडकल्यामुळे पेडल सोडल्यावरही पॅड घासतच राहत होता, हे मेकॅनिककाकांनी ती पिन माझ्या हातात देऊन दाखवले. मागच्या सर्व्हिसिंगला तिला ग्रीस लावले असते तर हे टळले असते, याचे फार वाईट वाटते. दोन्ही डिस्क आणि पॅड जोडीनेच बदलले. नवे पॅड नीट बसेपर्यंत जोरात ब्रेक मारू नका, असे काकांनी बजावल्यामुळे रविवारची सिंहगडाची फेरी पुढे ढकलली आहे.