ध्वजदिनाचा डबा

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला येतो, पण एरवी त्याची आठवण शाळांना आणि सरकारी कचेऱ्यांनाच. १९७१ साली तो ऐन लढाईत आला. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बाँब टाकले आणि मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला. खिडक्यांना काळे कागद लागले, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवले गेले. कुठे फट राहिली की खालून वॉर्डन ओरडायचा, "तिसरा मजला, लाइट घालवा!"

आम्ही गिरणगावातली मुलं, भोंग्यांवरच वाढलेली. चढउतार करत रडणारा भोंगा म्हणजे धोका आणि एकसुरी वाजला की धोका टळला, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. आमच्या मजल्यावरचे एक आजोबा मात्र एकसुरी भोंगा झाला की झोपेतून उठून पाळीचा डबा मागत. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

मी आठवीत होतो. वर्गाला कागदी झेंड्यांचा गठ्ठा, टाचण्यांची डबी आणि सील केलेला पत्र्याचा डबा मिळाला. झेंड्यावर तीन पट्टे: लाल, गडद निळा, फिकट निळा. तीन दलांचे तीन रंग. बाईंनी बजावलं होतं, "पैसे मागायचे नाहीत. झेंडा टाचायचा आणि गप्प उभं राहायचं." गिरणीच्या फाटकाशी पहिली पाळी सुटायची वाट बघत आम्ही थांबलो. केसांत कापसाची तूस घेऊन माणसं बाहेर येत, वाकून खिसा पुढे करत. जाड कापडात टाचणी शिरायची नाही, वाकायची. पाच-दहा पैशांची नाणी डब्यात पडत राहिली. नोव्हेंबरपासून टपालावर शरणार्थी साहाय्याचं पाच पैशांचं जादा तिकीट सगळेच लावत होते, त्यावर हे आणखी. कुणी कुरकुरल्याचं मला आठवत नाही.

मग घोषणा देत आम्ही चाळींतून निघालो. 'जय जवान, जय किसान' १९६५ पासून तोंडात बसलेलंच होतं. एका चाळीत तळमजल्यावर एक मालवणच्या काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आमच्यातल्या एकाने डबा खुळखुळवला. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "माजो झील दिलंय मा, आजून काय होया तुमका?"

मुलगा नौदलात होता. पुढे काय बोलायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनीच कनवटीचं नाणं काढून टाकलं आणि झेंडा न घेताच आत गेल्या.

दोनच दिवसांनी, ९ तारखेच्या रात्री, दीवजवळ नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले, ही बातमी घरोघर पोचली. काकींचा मुलगा कोणत्या जहाजावर आहे हे चाळीत कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. आमची फेरी पुढेही निघत राहिली, पण त्या चाळीशी आली की बाई हात वर करत आणि घोषणा थांबे. हे बाईंनी कुणाला विचारून केलं नव्हतं. त्या काळात शाळेने जे काही केलं, त्यात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी माझ्या मुलीच्या वर्गाने जवानांना '५६ एपीओ' या लष्करी टपालाच्या पत्त्यावर पत्रं पाठवली. मजकूर फळ्यावर लिहून दिलेला, सगळ्यांनी तोच उतरवलेला. त्या बिचाऱ्या जवानांनी एकच पत्र किती वेळा वाचलं असेल!

१६ डिसेंबरला ढाक्याची शरणागती झाली. पश्चिमेकडची लढाई दुसऱ्या दिवशी रात्री आठला थांबायची होती, त्यामुळे आमच्या चाळीने लेझीम खेळली ती अंधारातच. दोघांची डोकी आपटली.

काकींचा मुलगा जानेवारीत रजेवर आला, धडधाकट, दाढी वाढवलेला. २६ जानेवारीला शाळेने त्याला झेंडावंदनाला बोलावलं. शाल-श्रीफळ झालं, मुख्याध्यापकांनी शौर्यावर लांबलचक भाषण केलं आणि मुलांनी प्रश्न विचारावेत असं सांगितलं. पहिला प्रश्न अर्थातच, "दादा, तुम्ही किती बाँब टाकले?"

तो लाजला. "मी भटारखान्यात असतो," म्हणाला. "जेवण करतो सगळ्यांचं."

पुढच्या रांगेतली पोरं हिरमुसली. मागे उभे असलेले शिपाईमामा मात्र मोठ्याने म्हणाले, "मग लढले ते कुणाचं खाऊन?" हशा पिकला, आणि त्याचीही भीड चेपली. जहाज हेलकावे खात असताना भाताचं भांडं आडवं होऊ नये म्हणून ते कसं बांधून ठेवतात, हे त्याने हातवारे करून दाखवलं. त्यानंतरचे सगळे प्रश्न डाळ सांडते का, चपात्या गोल होतात का, आणि वादळात उलटी झाली तर तुमचा स्वयंपाक कोण करतं, असेच होते.