कोजागिरीचं दूध आणि टिकणाऱ्या सिनेमांची वही

एरंडवण्यातल्या आमच्या मंडळाची कोजागिरी सिनेमाशिवाय होत नाही. दूध असतं, ओली भेळ असते, प्रत्येक घरातून एखादा डबा येतो. पण लोक जिने चढून गच्चीवर येतात ते एखादा सिनेमा पुन्हा बघायला आणि त्यावर मनसोक्त वाद घालायला. ‘पुन्हा’ ही अट आहे. सिनेमा किमान दहा वर्षं जुना हवा आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांनी तो आधी पाहिलेला हवा. नवा सिनेमा कितीही गाजत असला तरी त्याला प्रवेश नाही. सिनेमा संपला की दूध आटेपर्यंत एकाच प्रश्नावर बोलायचं: हा टिकेल का?

याचं मूळ पेठांमधल्या गणपतीत आहे. आमच्यातली निम्मी घरं नारायण, शनिवार, सदाशिव पेठेतल्या वाड्यांमधून इकडे फ्लॅटमध्ये आली. त्या सगळ्यांच्या लहानपणी गणपतीच्या दहा दिवसांत रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधला जायचा. 16 एमएमचं प्रोजेक्टर भाड्यानं यायचं, रीळ बदलताना मध्येच अंधार व्हायचा, शिट्ट्या पडायच्या. जागा मिळाली नाही तर पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचं. तिथून नायक डाव्या हातानं जेवताना दिसायचा आणि नावं उलटी वाचावी लागायची, पण तक्रार कुणी करायचं नाही. वाड्याच्या गॅलऱ्यांमध्ये बायका दाटीवाटीनं उभ्या असायच्या. मंडळाचे सगळ्यांत ज्येष्ठ सभासद अण्णा तेव्हा रिळांचे डबे उचलायला जायचे. ते सांगतात की सगळ्यांत जास्त चुटपुट लागायची ती सिनेमाबद्दल बोलायला वेळ मिळत नाही याची. आज एक, उद्या दुसरा, परवा ऑर्केस्ट्रा. पुढे घरोघरी टीव्ही आले, व्हिडिओ आले आणि ते पडदे गेले. इकडे राहायला आल्यावर अण्णांनीच कोजागिरीची कल्पना काढली. रात्र जागायचीच असते, मग बोलून जागू.

पडदा म्हणजे पाण्याच्या टाकीची भिंत. दसरा झाला की तिला पांढऱ्या रंगाचा हात दिला जातो. सतरंज्या अंथरतात, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडतात. आवाज दहाच्या आत बंद व्हायला हवा, म्हणून सिनेमा साडेसातला म्हणजे साडेसातला सुरू होतो. शेगडीवर दूध नंतर चढतं. केशर, वेलची, जायफळ, चारोळी. चंद्र डोक्यावर येईपर्यंत वाद चालतो.

आमच्या गच्चीवरून फिल्म इन्स्टिट्यूटची झाडं दिसतात. प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिचा स्टुडिओ याच आवारात उभा राहिला. जवळच 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. अशा शेजारात राहणाऱ्यांसाठी सिनेमा टिकणं ही आधी गोदामातली गोष्ट असते. जानेवारी 2003 मध्ये इथल्या जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा हा सगळा भाग हळहळला होता. फाळक्यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच आज बघायला मिळतो. त्यामुळे कुणी फार तात्त्विक बोलायला लागलं की अण्णा म्हणतात, “आधी रीळ टिकू दे रे, मग सिनेमाचं बघू.”

अण्णांकडे एक लांब वही आहे. तीत सिनेमाचं नाव, साल आणि निकाल. ‘टिकेल’ असं लिहायचं तर सगळ्यांचे हात वर व्हावे लागतात. एकही हात खाली राहिला तर ‘दहा वर्षांनी पुन्हा’ अशी नोंद होते. ‘टिकेल’ मिळवणं अवघड आहे. ‘सामना’ला ते चटकन मिळालं, कारण मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही तेसुद्धा विचारतात. ‘सिंहासन’ला मात्र वेळ लागला. कॉलेजातल्या मुलांना पत्रकार दिगू टिपणीसचं शेवटचं हसणं अंगावर आलं, पण मधलं खात्यांचं आणि गटांचं राजकारण समजावून सांगावं लागलं. समजावून सांगावं लागलं तर तो टिकला कसा, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. अण्णा त्यावर बराच वेळ बोलले आणि अखेर हात वर झाले.

टिकणं कशावरून ओळखायचं याचा आधार सापडला ती रात्र ‘संत तुकाराम’ची. 1936 चा सिनेमा, आमच्याच शेजारच्या स्टुडिओत घडलेला, 1937 साली व्हेनिसमध्ये गौरवलेला. मला धाकधूक होती ती शेवटच्या विमानाची. आजच्या मुलांनी संगणकावर काय काय पाहिलंय, त्यांना ते कसं वाटेल? विमान आलं आणि गेलं, त्याबद्दल कुणी बोललंसुद्धा नाही. सगळे बोलत राहिले जिजाईबद्दल. घरात दाणा नसताना नवऱ्याच्या भक्तीवर वैतागणारी, म्हशीशी बोलणारी, मुलगा आजारी पडल्यावर देवळात शिरून विठोबावर पायताण उगारणारी जिजाई. गौरीबाईंनी ती अशी उभी केली आहे की तिच्या आवाजात प्रत्येकाला आपल्या घरातली एक बाई ऐकू आली. मंडळातल्या माई म्हणाल्या, “तुकोबा मोठे, पण सिनेमा हिच्या पदराला धरून इथवर आलाय.” माईंचं हे वाक्य तेव्हापासून माझ्या मनात राहिलं. सिनेमाचा संदेश, पुरस्कार, तंत्र या सगळ्यांपेक्षा कडेला चाललेलं साधं जगणंच त्याला पुढच्या पिढीकडे नेतं, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

हे ‘कोर्ट’च्या रात्री पारखून बघता आलं.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ आमच्यातल्या बऱ्याच जणांनी एप्रिल 2015 मध्ये थिएटरात पाहिला होता. त्याआधी व्हेनिसचे पुरस्कार झाले होते, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं होतं, पुढे भारताकडून ऑस्करसाठीही तोच गेला. तेव्हा बाहेर पडताना कौतुक आणि कोड्यात पडल्याची भावना असं दोन्ही होतं. दहा वर्षं झाली तशी वकीलकाकांनी स्वतः त्याचं नाव सुचवलं. ते शिवाजीनगर न्यायालयात आयुष्यभर दिवाणी दावे चालवलेले गृहस्थ.

सिनेमातली गोष्ट थोडक्यात सांगते. नारायण कांबळे नावाचा वयस्कर लोकशाहीर वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतो आणि कार्यक्रम करतो. एका सफाई कामगाराचा मॅनहोलमध्ये मृत्यू होतो. शाहिराच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली, असा आरोप ठेवून शाहिराला अटक होते. मग तारखा. कॅमेरा लांब उभा राहून बघत राहतो, जवळ जात नाही, संगीतानं काही सुचवत नाही. वीरा साथीदार यांनी कांबळे केला होता. चळवळीत आयुष्य घातलेला तो माणूस 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेला. टाकीच्या भिंतीवर ते संभाजी भगतांचं गाणं गायला उभे राहिले तेव्हा गच्चीवर कुजबुजसुद्धा नव्हती.

स्लीव्हलेस कपडे घातले म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलली जाते, तिथे मागच्या रांगेतून राग उमटला. न्यायाधीश टंकलेखकाला जबानी सांगतात, साक्षीदाराचं बोलणं स्वतःच्या भाषेत घालून, तिथे वकीलकाका पुटपुटले, “अगदी असंच. अगदी असंच.”

तरीही विरोधाचा पहिला मुद्दा त्यांचाच होता. त्यांचं म्हणणं असं की हा सिनेमा फार अचूक आहे आणि हीच त्याची अडचण आहे. “हा टंकलेखक उद्या नसेल. फायलींचे गठ्ठे नसतील, सुनावणी पडद्यावर होईल. ज्या 306 कलमाखाली कांबळेला धरलं ते जुलै 2024 पासून 108 झालंय. पन्नास वर्षांनी हे कागदपत्रांसारखं बघतील, अभ्यासासाठी. सिनेमा म्हणून नाही बघणार.”

मुद्दा वजनदार होता आणि काही वेळ त्यावर कुणाला बोलता येईना. मग माई बोलल्या. माईंनी बँकेत नोकरी केली, दोन मुलं पाळणाघरात वाढवली. त्या सरकारी वकील नूतनबद्दल बोलल्या, गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या. “तुम्ही सगळे कोर्टातलं बघत होतात. मी तिला लोकलमध्ये बघत होते. शेजारणीशी ती साडीबद्दल बोलते, मुलाला पाळणाघरातून घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. मी तीस वर्षं हेच केलं. ती वाईट नाहीये हो. घरी ती चांगलीच आहे. आणि तीच दुसऱ्या दिवशी उभी राहून त्या म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणून कलमं वाचते, डोळ्याची पापणी न हलवता. 2015 साली मला तिचा राग आला होता. आज मला भीती वाटली. आपण आपलं काम नीट करतोय एवढ्यावर समाधान मानलं तर माणूस कुठवर जाऊ शकतो!”

मला विचाराल तर त्या रात्रीतलं हे सर्वांत मोलाचं बोलणं. कॅमेरा नूतनच्या मागे घरापर्यंत जातो, बचाव पक्षाच्या विनय व्होराच्या मागे दुकानात जातो, शेवटी न्यायाधीशांच्या मागे सुट्टीच्या सहलीवरही जातो. खटल्याशी या कशाचाच संबंध नाही. पहिल्यांदा बघताना हे भाग ‘मधले’ वाटतात. पुन्हा बघताना कळतं की सिनेमा तिथेच आहे. माईंची नूतन ही मला थेट जिजाईची वारसदार वाटली. स्वभावानं दोघी एकमेकींच्या उलट, पण दोघींना घडवणाऱ्यांनी त्यांचं दिवसभराचं काम मन लावून पाहिलं होतं.

यानंतर बोलली ती आमच्यातली सर्वांत धाकटी, हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी. सुरुवातीला तिला सिनेमा संथ वाटत होता, तसं तिनं सांगितलंही. तिला धरून ठेवलं ते मृत कामगाराच्या बायकोनं. ती साक्षीत सांगते की नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. पुढे व्होरा तिला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. “काकू, ती एकदाही रडत नाही,” ती मुलगी मला म्हणाली. “मी वाट बघत होते की आता रडेल, मग मलाही रडता येईल. सिनेमानं मला ते करूच दिलं नाही. म्हणून आता घरी जाऊनही डोक्यात राहणार.” वकीलकाकांनी ते ऐकून मान हलवली.

अण्णांचं बोलणं याहून वेगळं, आणि मला अजून पटलेलं नाही. ते म्हणाले, हाताने मैला साफ करण्यावर 2013 साली कायद्यानं कडक बंदी आली, तरी मॅनहोलमध्ये, टाक्यांमध्ये माणसं मरताहेत. “सामना जुना, पण त्यातला कांबळेही कुठे गेला ते विचारावं लागतं, आणि इथे दुसरा कांबळे पिंजऱ्यात. मी तर म्हणतो हा सिनेमा टिकूच नये. पोरांनी विचारावं की मॅनहोलमध्ये माणूस उतरायचा म्हणजे काय, आणि आपल्याला समजावून सांगावं लागावं.” असं म्हणणाऱ्या अण्णांचा मला फार आदर वाटतो. तशी वेळ यावी हे माझंही मागणं आहे. पण ती आली तरी ‘कोर्ट’ जाणार नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. शेतसारा, सावकार, मंबाजी हे सगळं मागे पडूनही जिजाई राहिली. तसा एक दिवस मॅनहोल इतिहासात जमा होईल आणि तरी कुणीतरी नूतनला लोकलमध्ये बघून अस्वस्थ होईल. अन्याय करायला क्रूर माणसं लागत नाहीत, दमलेली आणि सभ्य माणसंही तो करतात, हे इतक्या शांतपणे दाखवणारा दुसरा मराठी सिनेमा मला माहीत नाही.

दूध आलं तेव्हा हात मोजले. माईंचा वर, त्या मुलीचा वर, माझा वर. अण्णांनी स्वतःचा हात वर केला, “टिकू नये म्हटलं, पण टिकणारच आहे” असं म्हणत. वकीलकाकांचा हात खाली राहिला. त्यांच्या मते सुट्टी लागल्यावर रिकाम्या कोर्टातले दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो तिथेच सिनेमा संपायला हवा होता. न्यायाधीशांची सहल, बाकावरची झोप आणि झोपमोड करणाऱ्या मुलाला बसलेली थप्पड ही पुस्ती त्यांना जास्तीची वाटते. मला ती थप्पड अत्यावश्यक वाटते. दिव्यांवर संपला असता तर सिनेमा देखणा झाला असता, पण न्यायाधीश खुर्चीतून उठल्यावर कोण असतात ते कळलं नसतं. आम्ही जिने उतरेपर्यंत यावरच बोलत होतो. वहीत नोंद झाली: ‘कोर्ट, 2015, दहा वर्षांनी पुन्हा’.

यंदा ‘श्वास’ ठरलाय. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ आणणारा, 2004 साली गावोगावच्या लोकांनी आपला मानलेला. त्याच्या ऑस्करच्या खर्चासाठी शाळकरी मुलांनीही पैसे जमवले होते. वकीलकाकांनी आत्तापासून सांगून ठेवलंय की तो हात धरून रडवतो. माईंचं म्हणणं, अरुण नलावडेंच्या आजोबांकडे नीट बघा, दृष्टी जाणार अशा शस्त्रक्रियेआधी नातवाला शहर दाखवायला नेताना हा माणूस मनातून किती घाबरलेला आहे. मी माईंच्या बाजूनं आहे. दवाखान्यातल्या कागदांवर सही करायची वेळ येते तिथला त्यांचा चेहरा मला पुन्हा बघायचाय, आणि या वेळी वकीलकाकांच्या शेजारी बसून.