सिड बॅरेटची उसनी सायकल

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट, त्याचं नाव काढलं की लोक आधी त्याच्या डोक्याचं काय झालं तेच सांगायला लागतात. एलएसडीची नशा फार करायचा, स्टेजवर एकच सूर वाजवत उभा राहायचा, १९७५ मध्ये भुवया भादरून स्टुडिओत आला तर जुन्या दोस्तांनी ओळखलंच नाही, वगैरे वगैरे. खरंय सगळं, पण मला आता या गोष्टीचा राग येतो, कारण तिच्यात त्याची गाणी कुठे येतच नाहीत.

२००६ साली ७ जुलैला केंब्रिजमध्ये गेला तो, कॅन्सरने, वय ६०. तारीख जवळ आली की मी त्याचीच गाणी लावून बसतो, म्हणून यावेळी म्हटलं लिहूनच काढू.

मला तो सापडला पिंक फ्लॉइडच्या ‘एकोज’मध्ये, २००१ साली निघालेला तो दोन सीड्यांचा निवडक गाण्यांचा अल्बम. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका मित्राकडे होता. त्यातलं पहिलं गाणं ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ आणि सगळ्यात शेवटचं ‘बाइक’, दोन्ही सिडची, आणि मधे बहुतेक ते मोठं मोठं, गंभीर पिंक फ्लॉइड. शेवटाकडे ‘हाय होप्स’ संपतं आणि एकदम हा पोरगा येऊन सांगायला लागतो की माझ्याकडे सायकल आहे, तिला बास्केट आहे, बेल आहे, हवी तर चालव, तुला देऊनच टाकली असती पण काय करू, उसनी आणलीये. मित्र म्हणाला काय भो, हे काय लहान पोरांचं लावलं. मी ते परत लावलं.

आता ‘बाइक’ मांडीवर ताल धरून ऐकून बघा, हात चुकतोच. शब्द जास्त झाले की ओळ लांबते, कमी झाले की आखडते, ताल बिचारा मागे मागे धावतो. आमच्याकडे खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी बसते, रात्रभर जागरण, बाया अहिराणी गाणी म्हणतात, आणि माझी मावशी मधेच घरातल्या सगळ्यांची नावं त्यात घालायची, नाव लांब असलं की ओळ तेवढी लांब, बाकीच्या बाया तिच्यासाठी थांबायच्या आणि मग परत एकदम उचलायच्या. सिडचं गाणं मला तसंच लागतं, शब्द आधी आणि मोजमाप नंतर. फक्त त्याच्यासाठी थांबणारं कोणी राहिलं नाही. बँड सुटल्यावर त्याने एकट्याने काढलेल्या १९७० च्या ‘द मॅडकॅप लाफ्स’ अल्बमला सॉफ्ट मशीन बँडमधली माणसं वाजवायला आली, तर त्यांना आधीच रेकॉर्ड झालेल्या त्याच्या गिटार-गाण्यावर मागाहून वाजवावं लागलं, कुठे ओळ लांबणार कुठे तुटणार ते अंदाजाने धरत. एवढे कसलेले वादक, तरी ते चाचपडणं ऐकू येतं.

आणि १९६७ चं ते वर्ष! पोरगा २१ चा. बँडचं नाव त्यानेच पाडलेलं, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांवरून. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’ चालू होतं त्याच दिवसांत त्याच इमारतीत पिंक फ्लॉइडवाले आपला पहिला अल्बम ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ करत होते, ११ पैकी ८ गाणी एकट्या सिडची. गिटारला गोल आरसे चिकटवलेले, तारांवर झिप्पो लायटर घासायचा, इकोच्या मशीनमधून तो आवाज फिरवायचा. हे सगळं ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’मध्ये आहे, त्याबद्दल खूप जणांनी लिहिलंय, मी नाही लिहीत.

मला ‘द स्केअरक्रो’बद्दल बोलायचंय. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, मागे घोड्याच्या टापांसारखी लाकडी टकटक. बार्लीच्या शेतात बुजगावणं उभं आहे, डोक्यावर हॅट, विचार करत नाही, हात हलवत नाही, वारा जोरात सुटला तरच हलतं, पायाशी उंदीर पळतायत. आणि मग सहज सांगून टाकतो की ते माझ्यापेक्षा दुःखी आहे, पण आता त्याने मानून घेतलंय. तुम्ही चोपडा-यावल रोडने ज्वारी निसवल्यावर गेला असाल तर असली बुजगावणी पाहिलीच असतील, फाटका शर्ट, काळं मडकं. मला आता ती दिसली की हेच गाणं आठवतं.

‘मॅडकॅप’बद्दल एक वाद आहे. त्यात त्याचे चुकलेले टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचे फसलेले प्रयत्न, तसेच ठेवलेत, ‘इफ इट्स इन यू’मध्ये आवाज चिरकतो, थांबतो, परत सुरू करतो, एका गाण्यात तर पानं उलटल्याचा आवाज येतो. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमूर आणि रॉजर वॉटर्सने वेळात वेळ काढून तो अल्बम पुरा करून दिला, त्यांचे उपकारच आहेत, आणि पुढे रॉयल्टी त्याच्यापर्यंत पोचेल हेही गिलमूरने बघितलं. पण ते चुकलेले टेक मला तरी नको होते. माणूस अडखळतोय ते सगळ्या जगाने का ऐकायचं?

नंतर तो केंब्रिजला घरी गेला, चित्रं काढायचा, बाग करायचा, सायकलवर दुकानात जायचा, आणि लोक दार वाजवत राहिले.

कोणी ऐकलंच नसेल तर ‘सी एमिली प्ले’पासून सुरू करा, मग ‘टेरापिन’, मग ‘गोल्डन हेअर’, जेम्स जॉइसच्या कवितेला त्याने चाल लावलीये, रात्री ऐका. ‘इफ इट्स इन यू’ सगळ्यात शेवटी ठेवा, आधी त्याच्या आवाजाशी नीट ओळख होऊ द्या.