न छेडलेला गंधार

"डोळे मीट बाळा, आणि नुसतं ऐक," म्हणत कारागीर काकांनी तीन तंबोरे एकामागून एक छेडले.

आज लेकीला घेऊन मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो होतो. तिन्ही तंबोरे काळी पाच या एकाच पट्टीला लावलेले, पण तीन वेगळ्या हातांचे. पहिला भरदार. दुसऱ्यावर सुरेख नक्षी, माझा जीव त्यातच अडकलेला. तिसरा अगदी साधा. पण त्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून, गंधार म्हणजे 'ग' लख्ख ऐकू येत होता. कुणीही न छेडलेला गंधार!

"बाबा, हा गातोय," लेक डोळे न उघडताच म्हणाली.

मग काकांनी घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यावर, तारेखालचा सुती धागा केसभर सरकवला. आवाज एकदम मिटला. परत सरकवला, उमलला. हा उमललेला, गुंजणारा नाद म्हणजे जवारी. घोडी घासून ती काढायला हात तयार व्हायलाच कित्येक वर्षं जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातमी वाचून छान वाटलं होतं. आज ती बोटं जवळून पाहिली.

येताना एकच विचार डोक्यात होता. दोन वर्षं लेक मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतेय. तिला हा गंधार कधी ऐकू आला असेल का?