साताऱ्याहून पुण्याला, जुन्या साइड लिव्हर रायफलीसाठी

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन पुण्याला जाऊन आलो. काम एकच होतं, तिच्यासाठी दहा मीटरवरच्या नेमबाजीची जुनी एअर रायफल बघायची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून आमच्या घरात हा विषय बंद झालेला नाही. वर्षभर ती क्लबच्या सामायिक रायफलीवर शिकली. आता स्वतःची हवी. नव्या रायफलीच्या किमती ऐकून ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी खिडकीबाहेर. म्हणून जुनी. माझं लेथचं वर्कशॉप आहे, त्यामुळे सील, स्प्रिंग, वॉशर यांची भीती नाही. बंदुकीतलं मात्र फारसं कळत नव्हतं. दिवसभरात जे कळलं ते पुढे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

आधी एसटीचं. सातारा-कोल्हापूरकडून बालेवाडीच्या शूटिंग रेंजला जायचं असेल तर स्वारगेटची गाडी धरू नका. बोरिवली, ठाणे, मुंबई अशी पाटी असलेली, बायपासने जाणारी गाडी बघा आणि कंडक्टरला चढतानाच बालेवाडीला उतरायचं म्हणून सांगून ठेवा. क्रीडासंकुल हायवेला लागूनच आहे. स्वारगेटला उतरून पुन्हा उलटं बालेवाडीला यायचं म्हणजे सकाळ गेलीच म्हणून समजा. मागच्या खेपेला आम्ही तेच केलं होतं.

खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना भाचीने विचारलं, "मामा, सिनेमातल्या काउबॉयच्या बंदुकीला असते तशीच लिव्हर ना?" तशी नाही. काउबॉयच्या हातातली विंचेस्टर, म्हणजे जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९४ ची घ्या, तिची लिव्हर चापाखाली असते. ती खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं नळीत जातं. ती रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय हातात धरायची नाही. आपण बघायला निघालो होतो तिची लिव्हर बाजूला. ती मागे ओढली की आतली स्प्रिंग दाबली जाते. काडतूस नाही, दारू नाही, पिस्टन पुढे झेपावतो आणि हवा छर्रा ढकलते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या रायफली त्या मर्यादेच्या निम्म्यातही मावतात.

बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. शूटिंग रेंजवर बाहेरच्या माणसाने असंच शिरू नये. ओळखीच्या प्रशिक्षकांना आदल्या दिवशी फोन करून गेलो होतो. त्यांनी भाचीच्या हातात दोन-तीन वेगवेगळ्या रायफली नुसत्या धरायला दिल्या, खांद्याला लावून, डोळे मिटून, मग उघडून. नेम कुठे जातोय ते बघायचं. खरेदीआधी हे करा. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा भाग, अंगाला बसतो की नाही हे फोटोवरून कळत नाही. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतची रायफल चालते, पण चालते म्हणून तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात द्यायची नसते.

निघताना प्रशिक्षक म्हणाले, "कॉम्प्रेस्ड एअरची बघणार असाल तर रायफल नंतर बघा, आधी सिलिंडर बघा." हे वाक्य वहीत लिहून घ्या. या रायफलीत स्प्रिंग नसते, सिलिंडरमध्ये भरलेली हवाच छर्रा ढकलते. त्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, गाडीच्या टायरच्या नव्वद पट म्हणा. त्यावर तारीख कोरलेली असते. कंपन्या साधारण दहा वर्षांचं आयुष्य देतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन मोठ्या स्पर्धेत गेलात तर जबाबदारी खेळाडूची. औंधला पहिली रायफल बघितली ती अशीच. देखणी, ओरखडा नाही, मुलगा परदेशी गेला म्हणून विकायला काढलेली. सिलिंडर फिरवून बघितलं तर २०१३. नव्या सिलिंडरचा खर्च धरला की सौदा आमच्या आवाक्याबाहेर. चहा झाला, निघालो.

खरी गंमत सदाशिव पेठेत. सत्तरी ओलांडलेले एक काका, तरुणपणी स्पर्धा खेळलेले. तळमजल्यावर लांबलचक खोली, टोकाला लोखंडी पेटी, आत मातीचा गोळा. छर्रा उलटा येऊ नये म्हणून. रायफल जुन्या चादरीत गुंडाळलेली. साठ-सत्तरच्या दशकांत फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीच्या १५० आणि ३०० या मालिकांनी जी पद्धत गाजवली, त्याच पद्धतीची. स्प्रिंगची रायफल, पण धक्का जाणवू नये म्हणून गोळी सुटताना सगळी यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकते. लेथवाल्याला असलं काही बघितलं की भाव करायचं सुचत नाही. सोबत कोणीतरी व्यवहारी माणूस न्या.

काकांनी एक बार काढला. कडाड आवाज, नळीतून धुराची बारीक रेघ. "बघा, अजून काय जोर आहे!" भाची टाळ्या वाजवायच्या बेतात. मला मात्र तळणीसारखा वास आला.

प्रशिक्षकांनी वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, दिवसभरासाठी दिलं होतं. ते नसतं तर मी फसलो असतो, आणि काकांनी फसवलंही नसतं, कारण त्यांचा स्वतःचाच पक्का विश्वास होता. ०.५३ ग्रॅमचे चपट्या तोंडाचे छर्रे. पहिला २१४ मीटर प्रतिसेकंद, दुसरा १८८, तिसरा २०३, चौथा १७९. अशा रायफलीचा वेग १७० ते १९० च्या आसपास असायला हवा, आणि मुख्य म्हणजे एकसारखा. २१४ हा जोर नव्हे, ताप आहे. काका दर दिवाळीला न चुकता शिवणयंत्राचं तेल आत सोडत होते. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की तेल पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसं. छर्रा जोरात जातो, पण दर वेळी वेगळ्या जोराने. वर सील जळतं, स्प्रिंगवर ताण येतो तो वेगळाच. जुन्या रायफलीतून धूर आला, वास आला, आवाज फटाक्यासारखा आला, तर विकणारा कितीही खूश असो, तुम्ही होऊ नका.

मी म्हटलं, "काका, अजून थोडे मारू द्याल?" तीस-पस्तीस छर्रे मारले. तेल जळून गेलं, धूर थांबला आणि आकडे खाली बसले. १५१, १४९, १४३, १५०, १४६. म्हणजे खरी तब्येत ही. आता हवा कुठून जाते ते शोधायचं. नळी आणि पिस्टनचं सरकतं सिलिंडर जिथे जुळतात त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवली आणि बार काढला. पट्टी उडाली. तिथलं रबरी सील लाकडासारखं कडक झालं होतं, नखाने दाबलं तरी खळगा पडेना. स्प्रिंग मेली असती तर काम मोठं होतं. सील म्हणजे चिल्लर.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट, आणि इथे घाई नको. साइड लिव्हरच्या रायफलीत छर्रा भरताना बोट नळीमागच्या उघड्या खिडकीत जातं आणि मागे दाबलेली स्प्रिंग उभी असते. लिव्हर निसटू नये म्हणून आत दाते असतात, मागे ओढताना टकटक वाजतात. ते झिजले असतील तर सरकणारं सिलिंडर बोटाचं टोक घेऊन जाईल. म्हणून आधी खिडकीत काहीही न घालता लिव्हर अर्ध्यापर्यंत ओढा, हात लिव्हरवरून न काढता हळू सैल करा. दात्यांनी धरलं पाहिजे. नाही धरलं तर उठा आणि घरी या, भाव कितीही उतरवला तरी. आणि धरत असले तरी छर्रा भरताना दुसरा हात लिव्हरवर पाहिजेच. भाचीला हे मी त्या दिवशी चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा तीच मला म्हणाली.

रिकामा चाप ओढून बघायचा मोह होतो, दुकानात सगळे तेच करतात. स्प्रिंगच्या रायफलीत तो करू नका. छर्रा नसला की पिस्टनसमोर हवेची गादी राहत नाही, तो धातूवर जाऊन आदळतो. चापाची परीक्षा छर्रा भरून, पेटीकडे तोंड करूनच.

बाकी तपासण्या पटापट उरकल्या. मोबाइलच्या उजेडात खिडकीतून आत बघितलं, तपकिरी भुगा नव्हता. असा भुगा दिसला तर पिस्टनचा धक्का झेलणारं आतलं बफर वॉशर विरघळत आलंय असं समजायचं. स्क्रूच्या खाचा शाबूत, म्हणजे कोणी अर्धवट हाताने उघडलेली नाही. मुठीपाशी दस्त्याला चीर नाही. कापसाचा बोळा नळीच्या तोंडावर फिरवला, धागा अडकला नाही. नेम धरायची मागची साइट दहा खटके उजवीकडे, दहा परत, आणि छर्रे पुन्हा पहिल्याच जागी. गंज होता थोडा, लिव्हरच्या बिजागरीवर, त्याचं काही वाटलं नाही.

एकट्या आकड्यांवरही जाऊ नका. टेबलावर उशी ठेवून पाच-पाच छर्र्यांचे तीन गट मारले. उभे पसरत होते, आडवे नाहीत. वेग कमी-जास्त होत असला की असंच होतं. नळी खराब असती तर चहूकडे विखुरले असते. तिथे मी मनातून रायफल घेतलेलीच होती.

भाव काय झाला ते लिहीत नाही, नाहीतर पुढच्या माणसाला तोच ऐकवतील. एवढं सांगतो की टिश्यूची पट्टी उडाल्यावर काकांनी स्वतःच आकडा खाली आणला. कागदांत मात्र भिडस्तपणा करू नका. मूळ बिल, परदेशी रायफल असेल तर आयातीची कागदपत्रं, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि सही केलेली पावती, तिच्यावर रायफलीवर कोरलेला नंबर. नंबर दोन्हीकडे जुळवून बघा. आमच्याकडे शेवटचा आकडा काकांनी सातऐवजी एक लिहिला होता.

तिथून रविवार पेठेत बोहरी आळी. सील मिळेल या आशेने गेलो, मिळालं नाही, पण हवी ती जाडी आणि नरमपणा असलेला पॉलियुरेथेनचा रॉड मिळाला. माझ्यासारखा लेथ असेल तर तेवढं पुरे. नसेल तर जुनं सील सोबत ठेवा, नमुना दाखवल्याशिवाय त्या आळीत कोणी तोंड उघडत नाही. मंडईहून स्वारगेट मेट्रोने एकच स्टेशन आहे, तरी आम्ही रिक्षा केली. लांबलचक केस घेऊन तपासणीच्या दारात कोण वाद घालत बसणार? एसटीत केस वरच्या फळीवर, स्प्रिंग सैल, छर्रे वेगळ्या पिशवीत, कागद माझ्या खिशात.

घरी दुसऱ्या दिवशी सील बसवलं. आत तेलाचा थेंब नाही, फक्त बिजागरीला. दहा छर्रे, सगळे १७४ ते १७८ च्या आत. पाचांचं मिळून एक भोक, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. पाच किलोच्या आसपासचं वजन भाचीला अजून जड आहे, आठ छर्र्यांनंतर हात थरथरतो. प्रशिक्षकांनी तिला सध्या नुसती धरून उभं राहायला सांगितलंय.

परवा काकांचा फोन आला. कशी चाललीय विचारलं. मी कौतुकाने आकडा सांगितला.

"एकशे शहात्तर?" पलीकडे जरा वेळ शांतता. "अहो, माझ्याकडे तर दोनशे चौदा जायची."